घसा ठीक आहे

माझा आवाज गेला तो एका मंगळवारी सकाळी, "आबा म्हणतात" एवढं बोलून झाल्यावर.

आबा म्हणजे माझे सासरे. ते गोठ्याजवळ उभे होते. माझा नवरा त्यांच्यापासून पंधरा-वीस पावलांवर उलट्या क्रेटवर बसून टोमॅटो बांधायची सुतळी सोडवत होता. सासरे मला म्हणाले, "त्याला म्हणावं, लाइट आली, खालच्या पट्टीला पाणी सोड." नवऱ्याला ते ऐकू गेलं होतं. सासऱ्यांचा आवाज असा, की शेजारच्या मळ्यातही ऐकू गेलं असणार. तरी रिवाजाप्रमाणे मी नवऱ्याकडे वळले, "आबा म्हणतात" म्हणाले, आणि पुढे नुसती हवा आली.

नवऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून मोटर चालू करायला गेला.

आमच्या घरात हे दीड वर्ष चाललं होतं, सासूबाई गेल्यापासून. त्या आजारी पडल्या तेव्हा नवऱ्यानं त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सतरा दिवस त्या तिथे होत्या आणि तिथेच गेल्या. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाहुणे गेल्यावर कळलं, की बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण झालं असतं तर मिटवायला भावकीतली चार माणसं बोलावता आली असती. पण भांडण झालंच नव्हतं. आणि शेती तर दोघांची एकत्र. पाणी सासरे बघायचे, फवारणी आणि बाजार नवरा. न बोलता असली शेती होत नाही. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते बरं करत होते, असं मला वाटायचं. निरोपातला शिवीचा भाग गाळायचा आणि त्या जागी "जरा" घालायचं. "त्या गाढवाला म्हणावं, औषध किती मारलंस" हे पलीकडे पोचेपर्यंत "आबा म्हणतात, औषध जरा बेतानं" असं व्हायचं. सकाळी दोन तास हे, मग मी गावात अंगणवाडीत जायचे. मी सेविका होते. तिथे पोरांना गाणी शिकवायची, खिचडी वाटायची, वजनं घ्यायची आणि संध्याकाळी परत निरोप. मधेमधे अंगणवाडीतही माझ्या तोंडून "ते म्हणतात" निघून जायचं. मदतनीस बाई विचारायच्या, "कोण म्हणतात?" मला सांगता यायचं नाही.

आवाज गेल्यावर पहिले दोन दिवस हळदीचं दूध झालं. मग ज्येष्ठमध. मग गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन. ते सगळ्याला तेच इंजेक्शन द्यायचे, त्यामुळे निदानाची वाट बघावी लागली नाही. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "तुझ्या सासूला काहीतरी सांगायचं राह्यलंय, म्हणून तिनं तुझा आवाज नेलाय." मी सासूबाईंबरोबर सहा वर्षं काढली होती. काही सांगायला त्यांना दुसऱ्याच्या आवाजाची गरज पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

निरोपांचं काम माझ्या मुलीकडे गेलं. ती चार वर्षांची होती. ती निरोप पोचवायची, पण त्यात भर घालायची. "आबा म्हणाले, मोटर बंद कर आणि मला गोळ्या आण." दोन दिवस गोळ्या आल्या. तिसऱ्या दिवशी तिनं सायकल मागितली, तेव्हा दोघांनाही संशय आला.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. सासरे चौथी शिकलेले, अक्षर मोठं. एका कागदावर तीन शब्द मावायचे. ते चिठ्ठी लिहून माझ्या हातात द्यायचे, मी ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन नवऱ्याच्या हातात द्यायची, आणि तो उत्तर लिहीपर्यंत तिथेच थांबायचं. आवाज गेला म्हणून माझं काम काही थांबलं नाही.

तीन आठवड्यांनी नवरा मला नारायणगावला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कपाळावर आरसा लावून बराच वेळ आत पाहिलं. मग आरसा काढून म्हणाले, "घसा ठीक आहे."

मी मान हलवली. नाही, ठीक नाही.

"घसा ठीक आहे," ते परत म्हणाले. "घरात काही ताण, भांडणतंटा?"

नवरा म्हणाला, "न्हाई न्हाई, डॉक्टर. आमच्या घरात एकदम शांतता असती."

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाले, "दर गुरुवारी आमच्या मागच्या खोलीत एक बाई बसतात. त्यांच्याशी बोला."

मी घशाकडे बोट केलं.

"त्यांना चालतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर पडताना त्या खोलीची पाटी दिसली. रंग नवा होता. "समुपदेशन" हा शब्द पेंटरला नीट बसवता आला नव्हता, शेवटचा न खाली उतरला होता. नवऱ्यानं तो शब्द दोनदा वाचला. "उपदेशच ऐकायचा तर त्याला नारायणगावला कशाला यायचं?" तो म्हणाला. आमच्या दोघांच्या माहितीत असं कुणाकडे गेलेलं कुणी नव्हतं. वेडाचे डॉक्टर पुण्यात असतात एवढं माहीत होतं. ही बाई काय करते हे विचारायचं तर कुणाला, हाही प्रश्न होता, कारण ज्याला विचारू तो विचारणार, तुला कशाला हवंय.

पुढच्या गुरुवारी मी एकटी गेले. घरी चिठ्ठी लिहिली, "घसा दाखवायला." ते खोटंही नव्हतं.

खोलीत औषधांचे रिकामे खोके रचलेले होते आणि प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या. बाई पन्नाशीच्या पुढच्या, मंचरहून एसटीनं यायच्या. मला वाटलं होतं त्या तपासतील. त्यांनी वही आणि पेन पुढे केलं. मी चार पानं लिहिली. आबा काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, सगळं. बाईंनी चारही पानं सावकाश वाचली आणि विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणता?"

मी लिहिलं, "मी ठीक आहे."

"ते घशाचं झालं," बाई म्हणाल्या. "तुमचं विचारतेय."

मी पेन धरून बसले. काहीच येईना. मग मला रडू आलं, आणि तेही बिनआवाजाचं. बाईंनी उपदेश केला नाही. रडू आवरेपर्यंत त्या बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोघांना घेऊन या. जमेल तसं आणा."

मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. सासऱ्यांना लिहिलं, "यांना नारायणगावला एका बाईंना दाखवायचं आहे. मला एकटीला जमणार नाही. तुम्ही सोबत या." नवऱ्याला लिहिलं, "आबांना नारायणगावला दाखवायचं आहे. तुम्ही सोबत या."

सासरे चिठ्ठी वाचून म्हणाले, "लई बरं केलंस पोरी. त्याला कवाच दाखवायला पायजे व्हतं."

नवरा म्हणाला, "आबा तयार झाले? बरं झालं. येतो मी."

गुरुवारी दोघांनीही इस्त्रीचे कपडे घातले. जीपमध्ये मी मधे बसले. वाटेत सासरे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूनं नवराही तेच करत होता.

खोलीत गेल्यावर बाईंनी विचारलं, "बोला. कुणासाठी आलात?"

सासऱ्यांनी मुलाकडे बोट केलं. त्याच वेळी मुलानं बापाकडे. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यांकडे पाहिलं.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आबा, मुलाशी शेवटचं काय बोललात, आठवतंय का?"

"आठवतंय की. दवाखान्यात. मी म्हणलो, तिला घरी न्यायचं का."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणला, डॉक्टर न्हाई म्हणत्यात."

"मग?"

"मग काय. मग ती गेली."

नवरा बाईंना म्हणाला, "मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं."

"मला नका सांगू," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगा."

नवरा सवयीनं माझ्याकडे वळला. मी घशाकडे बोट केलं. आवाज गेल्यापासून पहिल्यांदा मला त्याचा उपयोग झाला. तो बराच वेळ खुर्चीच्या कडेवर नखानं घासत राहिला. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "दोनदा विचारलं होतं, आबा. ते म्हणले, आठ दिवसांत उतार पडंल. मला खरं वाटलं."

"मला ठाव हाय."

"ठाव होतं, मग बोलत का नव्हता?"

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तोंड उघडलं असतं तर वंगाळच आलं असतं. तू तिला तिकडं नेऊन मारलीस, आसं आलं असतं. ते खरं न्हाई हे मला कळत व्हतं. म्हणून गप ऱ्हायलो. म्हणलं, चार दिसांनी राग जाईल, मग बोलू."

"मग?"

"मग सवय झाली."

"मला वाटायचं, तुम्ही मनात तेच म्हणताय."

"मी काय बी म्हणत नव्हतो."

"तेच ना, आबा," नवरा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

सासऱ्यांनी टोपीनंच तोंड पुसलं आणि "ऊन लई हाय" म्हणाले. खोलीला खिडकी नव्हती. बाईंनी आम्हाला तांब्यातलं पाणी दिलं.

परत येताना जीप भरलेली होती. सासरे अर्धे बाहेर लटकत होते. नारायणगाव सुटल्यावर ते मुलाला म्हणाले, "सरक जरा." तो सरकला. दोघांत तेवढंच बोलणं झालं. मी अजून मधेच होते, त्यामुळे मलाही सरकावं लागलं.

गावात पोचेपर्यंत माझा आवाज येईल अशी दोघांची अपेक्षा असावी. तो आला नाही. आम्ही आणखी दोन गुरुवार गेलो. घरात चिठ्ठ्या कमी झाल्या. दोघं पाण्याचं आणि फवारणीचं थेट बोलू लागले, प्रत्येक वाक्याआधी खाकरून.

आवाज आला तो अंगणवाडीत. मी वजनकाटा टांगत होते आणि एक शेळी आत शिरून हजेरीचं रजिस्टर खायला लागली. जुलैची पानं तिनं संपवली होती. मी ओरडले. शेळी पळाली, सहा पोरं रडायला लागली आणि मदतनीस बाईंच्या हातातलं पातेलं पडलं.

घरी मी सांगितलं नाही. मदतनीस बाईंनाही सांगू नका म्हटलं. संध्याकाळी ओसरीवर दोघं फवारणीवरून वाद घालत होते, समोरासमोर, शिव्यांसकट, "जरा" न घालता. मी चहाचे कप ठेवले आणि गप्प उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.

गुरुवारी बाईंना सांगितलं. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. त्या म्हणाल्या, "किती दिवस लपवणार?"

"टोमॅटोचा तोडा संपेपर्यंत," मी म्हणाले.

बाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी तसं म्हटलंही नाही. त्या म्हणाल्या, "मग तोपर्यंत आपण तुमचं बोलू." आणि मी बोलले. आधी सासूबाईंबद्दल बोलले. त्यांच्यासाठी मला नीट रडायलाही वेळ मिळाला नव्हता, दिवसभर बाकीच्यांचं बोलायचं होतं. मग माहेरचं बोलले. मग बारावीनंतर सोडलेल्या कॉलेजचं. तास संपला तेव्हा घसा दुखत होता.

अकरा दिवस मी घरात मुकी राहिले. बाराव्या दिवशी सासरे ज्वारी निवडता निवडता म्हणाले, "पोरी, तू परसात कोंबड्यांना हाकलतीस ते मला चार दिस झालं ऐकू येतंय. मी त्याला सांगितलं न्हाई." मग हातातला खडा बाहेर फेकून, "तुला बी जरा इसावा पायजे."

त्या संध्याकाळी जेवताना मी मोठ्यानं मीठ मागितलं. नवऱ्याच्या हातातला घास खाली पडला.

गावात आवाज परत आल्याची बातमी पसरली, आणि नारायणगावच्या बाईंचीही. महिन्याभरात शेजारच्या काकू आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझा बी घसा बसल्यासारखा झालाय गं. त्या बाईचा वार कोणता?" मी गुरुवार सांगितला. नंतर आणखी तिघीजणी आल्या. कुणाचाच घसा खराब नव्हता आणि मीही कुणाला काही विचारलं नाही. घशाचे डॉक्टर एकदा म्हणाले, तुमच्या गावाला पाण्याचा काही त्रास आहे का.

दोन वर्षांनी बाईंचं येणं बंद झालं. गुडघे दुखायचे, एसटीचा प्रवास होईना. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. त्या खोलीत डॉक्टरांनी कानाचं मशीन बसवलं.

सासरे नंतर नऊ वर्षं होते. शेवटचं दुखणं आलं तेव्हा नवऱ्यानं त्यांच्या खाटेशी बसून विचारलं, "आबा, पुण्याला न्यायचं का?" सासरे म्हणाले, "नको." नवरा म्हणाला, "बरं." आणि मग दोघं नव्या द्राक्षबागेच्या छाटणीबद्दल बोलत बसले.

त्याच वर्षी मी बहिःस्थ बी.ए.चा फॉर्म भरला. पहिल्या वेळी इंग्रजी राहिलं, दुसऱ्या वेळी सुटलं.