बैलांऐवजी जॅक

सणसरच्या पुढं, कालव्याच्या चारीच्या टोकाकडं जाणारी गाडीवाट बारा महिने ओली. पावसाचा काही संबंध नाही. वरचे बागायतदार हवं तेवढं पाणी उसात सोडतात, ते पाझरून वाटेवर येतं आणि तिथंच मुरतं. खालच्या रानांना भेगा. पाण्याची पाळी शेवटच्या रानापर्यंत पोचली पाहिजे, एवढीच आमच्या पक्षाची मागणी. आणि ती गावोगाव सांगत फिरणारी आमची जीप नेमकी त्याच पाण्यात रुतायची. पत्रकात मी हे छापलंसुद्धा. जीप काही त्यानं निघाली नाही.

जीप लष्कराच्या लिलावातली, जॅकशिवाय आलेली. रुतली की आमचा ड्रायव्हर, लढाईवरून परतलेला गडी, उतरून हाळी द्यायचा, "आबा, बैल आणा!" आबांचं रान चारीच्या अगदी शेवटाला. ते नांगर उभा करायचे, बैल सोडायचे, आमच्या जीपला लावायचे. जीप निघाली की आम्ही त्यांनाच कष्टकऱ्यांच्या पिळवणुकीवर भाषण ऐकवायचो. किती वेळा ऐकवलं, आठवलं तरी कंटाळा येतो.

एकदा आबांनी बैल सोडलेच नाहीत. एकाचा खांदा सुजला होता, त्यावर हळदीचा लेप.

"आमच्यासाठी भांडता व्हय तुमी?" ते मला म्हणाले. "मग वज्जं आमच्याच बैलावर का?"

"आबा, इंदापूरला कालव्याचे साहेब तक्रारी ऐकायला बसणार आहेत. ज्याचं रान कोरडं, त्यानंच समोर येऊन बोलायचंय. तुम्ही नाही आलात तर कोण?"

खरंच कोणी नव्हतं. आबांचे शेजारी वरच्यांच्या उसात मजुरीला. ते तोंड उघडत नव्हते.

"तुमचं पत्रकच वाचा की तितं, पुढारी. लई झाक छापता."

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही.

"ही गाडी बैलाबिगर काढून दावा," आबा म्हणाले, "मग येतो. न्हायतर मी न्हाय."

जीप चिखलातच सोडून आम्ही बारामतीला आलो. पक्षाच्या मंडळींनी जॅकवरही बैठक घेतली. जॅक देशी बनावटीचाच असावा, असा एकानं ठराव आणला. ज्याला ठराव मांडायचा असतो तो चिखलात नसतो. मी मधूनच उठलो.

स्पेअर पार्टच्या दुकानात तीन प्रकारचे जॅक होते. एक स्क्रूचा, बुटका, फिरवत बसायचा. दुसरा तेलाचा, दांडा हलवला की ट्रक उचलतो, असं दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता. तिसरा छातीएवढा उंच, दातेरी लोखंडी पट्टीचा. दांडा मारावा तसा त्याचा आकडा एकेक दाता वर चढतो. "पण दांडा निसटला तर जबडा फोडंल," दुकानदार म्हणाला.

मला राग आला. बारामतीच्या बाजारात बैल घेणारा गाडीचं चाक फिरू नये असं बांधतो, बैलाला ओढायला लावतो, मग पैसे मोजतो. जॅक तेवढा फळीवर बघून घ्यायचा? मी तसं बोललो. दुकानदार ड्रायव्हरच्या ओळखीचा. त्यानं तिन्ही जॅक पारखायला दिले.

दुसऱ्या दिवशी आबा बांधावर येऊन बसले. बैल मागं बाभळीखाली रवंथ करत होते.

जीपचं पोट चिखलाला टेकलेलं. स्क्रूच्या जॅकला आखाखाली जागाच नव्हती. ड्रायव्हर पालथा पडून हातानं चिखल उकरत होता.

"काय पेरतोस रं?" आबांनी विचारलं.

तेवढ्या उकरलेल्यात तेलाचा जॅक कसाबसा बसला. आबांचा याच्यावर भरवसा होता. "ह्यो शाणा दिसतोय," म्हणाले. मी दांडा हलवत राहिलो. जीप होती तिथं, जॅक मात्र खाली खाली गेला.

"हीर काढताय व्हय?"

उंच जॅकला पालथं पडावं लागेना. आकडा पुढच्या बंपरला लावला, दोन दांडे मारले, आणि त्याचाही पाय गाळात गेला. खाली फळी हवी होती. गाडीत फळी एकच, सभेची: 'पाणी शेवटच्या रानापर्यंत'. अक्षरं मी रंगवलेली. क्षणभर जीव झाला नाही टाकायला. मग टाकली.

पाय फळीवर ठरला. स्वतःचा जबडा बाजूला धरून मी दांडा मारत गेलो आणि चाक चिखलातून सुटून वर आलं. खाली दगड आणि उसाचं पाचट कोंबलं, चाक टेकवलं, मग दुसरं. दुपार कलताना जीप कोरड्यात उभी राहिली. हाताला फोड आले होते. बैल अजून रवंथच करत होते.

"ह्योच घ्या," आबा म्हणाले. "अन् येक फळी बी घ्या. ही गेली तुमची."

आबा इंदापूरला आले. साहेबांसमोर उभे राहून मोजकंच बोलले. साहेब "बघतो" म्हणाले. आम्ही परत निघालो.

वाट तशीच ओली, जीप त्याच जागी रुतली. ड्रायव्हरनं सवयीनं "आबा" म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आबा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

"आज बोललोय मी, दमलोय," ते म्हणाले. "पुढारी, उतरा. मारा दांडा."

मी उतरलो.