सत्यम्माचा पीपी नंबर

“नै अंकल, नंबर साथ में नै आता. नंबर उनका है, तुमारा थोडी है.”

फायबरच्या कनेक्शनसाठी घर बघायला आलेला माणूस बाबांना सांगत होता. मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले होते, आवाज बंद करून. ही माझी जुनी सवय... लोकांना वाटतं मी ऐकत नाहीये. “पुरानी कंपनी को लिखके दे देव, बंद करो बोलके. हम नया नंबर देते.”

बाबा म्हणाले, “ठीक है. अब कौन करता लँडलाइन पे.”

तेव्हा मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही.

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं जेवताना वाचतेय, आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एक साधं कारण शोधून देतेय. वायरिंग, ताप, अर्धवट झोप. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी वाचायलाच मला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त. तरी हे इंग्लिशमध्ये लिहावंसं वाटलं नाही. चुका समजून घ्या. सगळ्यांची नावं बदलली आहेत.

आम्ही हैदराबादला बरकतपुऱ्यात राहतो. तीन मजल्यांची बिल्डिंग, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाबा कोर्टात नोकरीला होते, आता रिटायर झालेत. त्यांनी अर्ज करून, कितीतरी वर्षं वाट बघून मिळवलेला तो फोन माझ्या जन्माच्याही आधीचा. पुढे गल्लीत एसटीडी बूथ आले, मग मोबाइल आले, पण मधल्या काळात आमचा फोन अर्ध्या बिल्डिंगचा होता. ज्यांच्याकडे फोन नसे ते आमचा नंबर देत आणि त्यापुढे ‘पीपी’ लिहीत, म्हणजे शेजाऱ्यांचा नंबर, बोलावून द्या.

त्यातली एक सत्यम्मा. तळमजल्यावर मागच्या खोलीत राहायची, चार घरी स्वयंपाक करायची. नवरा नव्हता. मुलगा श्रीनू मस्कतला इलेक्ट्रिशियन म्हणून गेला होता. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्याचा फोन शुक्रवारी दुपारी यायचा. दर वेळी तेच वाक्य — “अम्मनु पिलुस्तावा? पदि निमिषाल्लो मळ्ळी चेस्ता.” अम्माला बोलावतेस का? दहा मिनिटांत परत करतो. आणि फोन ठेवायचा.

बोलावून आणायचं काम माझं. बाकीची मुलं गॅलरीतूनच ओरडायची. मला ओरडता यायचं नाही. मी दोन मजले उतरून तिच्या दारात उभी राहायचे, तिचं लक्ष जाईपर्यंत.

मी दहा वर्षांची असतानाचा एक शुक्रवार. आई-बाबा लग्नाला गेले होते. श्रीनू अण्णाचा फोन आला, मी खाली गेले. सत्यम्मा मागच्या नळावर भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून, नळ सोडलेला. शेजारी दोन अनोळखी बायका गप्पा मारत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मला हाक मारवेना. उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. वर आमच्या फोनची घंटी ऐकू आली तशी धावत सुटले. रिसीव्हर उचलेपर्यंत फोन कट झाला होता.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. कधीच. त्याला तिकडे पाठवणारा एजंट म्हणाला, त्याने ते काम सोडलं, पुढचं माहीत नाही. पंधरा वर्षं झाली. त्या शुक्रवारी फोन आला होता हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. सत्यम्मालाही नाही.

तिच्याकडे नंतर मोबाइल आला, पण तो नंबर श्रीनूला कुठे माहीत? त्याला आमचाच माहीत. म्हणून ती दर शुक्रवारी जेवणं झाली की जिने चढून यायची आणि फोनजवळच्या खुर्चीत अर्धा तास बसायची. जाताना मला विचारायची, “मधे फोन वच्चिंदा, बंगारम?” (बंगारम म्हणजे सोनं. मला ती तेच म्हणते.) मी म्हणायचे, “लेदु, अम्मा.” नाही आला.

निजामाबादची तिची मुलगी पद्मा तिला कधीची बोलावत होती. मागच्या वर्षी सत्यम्मा न्हाणीत पडली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली, तेव्हा तर पद्मा हातापाया पडली. सत्यम्माचं उत्तर एकच. “फोन इथे येतो. मी तिथे जाऊन काय करू?”

आणि आता तो नंबर माझ्यामुळे जाणार होता. मी घरून काम करते, मीटिंगमध्ये नेट सारखं तुटायचं, मीच बाबांच्या मागे लागले होते.

बाबा स्वतः खाली जाऊन सत्यम्माला सांगून आले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. “अच्छा सार,” एवढंच म्हणाली, आणि संध्याकाळी पद्माला फोन करून ये म्हणाली.

गुरुवारी फायबर बसलं. फोनचा डबा जुनाच ठेवला, वायर फक्त भिंतीतून काढून राउटरच्या मागे लावली. बसवणारा म्हणाला, नेट आत्ता सुरू झालं, फोन सोमवारी होईल, व्हेरिफिकेशन बाकी आहे. नवा नंबर त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला, बाबांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. मी रिसीव्हर उचलून बघितला. टोन नव्हता. राउटरवरचा फोनचा दिवाही बंद होता.

दुसऱ्या दिवशी पद्मा आली. काचीगुड्याहून साडेतीनची गाडी होती. बाबा खाली सामान ऑटोत ठेवू लागले होते. आई नांदेडला गेलेली. मी मीटिंग आहे असं खोटं सांगून वरच थांबले. सत्यम्माचा निरोप घेणं मला जमलं नसतं.

दोन वाजून गेले असतील. फोन वाजला.

कंपनीचा टेस्ट कॉल असेल, असंच वाटलं. उचलला. आधी काहीच नाही, नुसती पोकळी, मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये दार उघडल्यासारखी. मग —

“अम्मनु पिलुस्तावा? पदि निमिषाल्लो मळ्ळी चेस्ता.”

मी पंचवीस वर्षांची आहे. अनोळखी माणूस मला ‘पिलुस्तावा’ म्हणणार नाही, ‘पिलुस्तारा’ म्हणेल, ‘बोलावता का’. हा लहान मुलीशी बोलत होता. त्यानेच पुढे म्हटलं, अगदी साधेपणाने, राग वगैरे काही नाही —

“पोयिनसारि अम्मा रालेदु.”

मागच्या वेळी अम्मा आली नाही.

फोन बंद झाला. मी रिसीव्हर तसाच कानाला धरून उभी. टोन नाही, काही नाही.

जिने कसे उतरले आठवत नाही. सत्यम्मा ऑटोत बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. मी म्हटलं, “फोन... श्रीनू अण्णा.” तिने डबा पद्माच्या हातात दिला आणि उतरली. गुडघ्यांचं दुखणं असलेली ती बाई दोन मजले कठड्याला हात न लावता चढली.

तिच्या खुर्चीत बसली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. खालून ऑटोवाला हॉर्न मारत होता. पद्मा दारात उभी राहून तेलुगूत मलाच बोलत होती. “एरवी हिच्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि आज निघाला तो हा! पंधरा वर्षांत नाही सुचलं, माझी गाडी सुटायच्या वेळीच सुचलं?”

“हळू,” सत्यम्मा म्हणाली. “घंटी ऐकू येणार नाही.”

बाबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. राउटरच्या बंद दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

नंतर कळलं ते इथेच लिहून टाकते, कारण शेवटी मला लिहिता येणार नाही. मी कंपनीला फोन करून विचारलं. नंबर सोमवारी दुपारी सुरू झाला, त्याआधी त्यावर कॉल येणं शक्य नाही. कॉल लॉग मागवला, शुक्रवार कोरा. जुना नंबर कुणाला दिला गेला का, कॉल इकडे वळवला होता का, सगळं विचारून झालं. नाही. बाबा म्हणतात मला भास झाला, आणि इतर कुणाला असं झालं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण तो आवाज जे बोलला ते दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर लिहा. मला सापडलेलं नाही.

तीन वाजले तशी सत्यम्मा म्हणाली, “पद्मा, तू जा. सामान परत आत ठेव. पुढच्या शुक्रवारी बघू.”

पद्मा मटकन खाली बसली. पदर तोंडावर धरून रडू लागली. मला ती न्हाणीतली फरशी दिसायला लागली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सत्यम्मा राहिली तर शुक्रवारमागून शुक्रवार या खुर्चीत बसेल, आणि एखाद्या दिवशी खाली तशीच पडून राहील. पण नुसतं तेवढंच डोक्यात होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सत्यम्माने माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

“तोच होता ना, बंगारम? नीट आठवून सांग. आणखी काय म्हणाला?”

पद्माने मान वर केली. बाबाही बघत होते.

“कादु, अम्मा,” मी म्हणाले. “तो नव्हता. राँग नंबर होता.”