बाईंनी चुकवलेली एन्ट्री

नाटकं बघता ना? मग कधी विचारलंत का, तीन तास तुमच्यासाठी रडणारी बाई लघवीला कुठे जाते?

नाहीच विचारलंत. म्हणून बेचाळीस वर्षं नाटकांत काम केलेल्या या बाईंनी आपला तोडगा आपणच काढला. प्रयोगाच्या दिवशी दुपारनंतर पाण्याचा थेंब नाही. कारण बायकांच्या मेकअप रूममधल्या संडासाला कुलूप आणि आत जुन्या सेटचं सामान. बाईंनी राण्या केल्या, विधवा केल्या, खाष्ट सासवा केल्या, सगळ्या तहानलेल्या. नवरा लाइट्स सांभाळायचा. बायकोचा चेहरा कुठून उजळतो ते त्याला पाठ, पण ओठ का सुकलेत हे विचारायचं मरेपर्यंत सुचलं नाही. लेक विंगेतच वाढली. "प्रयोग आहे, पाणी मागायचं नाही," हे ऐकत.

गेल्या महिन्यात लेकीच्या किडनीत खडे निघाले. डॉक्टरीण खेकसली, "पाणी का पीत नाही तुम्ही?"

"सवय नाही हो."

शेजारी बसलेल्या बाईंचं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात नाट्यगृहाचं सत्काराचं पत्र आलं. बाईंनी कळवलं, आधी कुलूप काढा. "हो हो, ताई!" झालं. सत्काराच्या संध्याकाळी कुलूप जागच्या जागी.

तिसरी घंटा झाली. आजवर एकही एन्ट्री न चुकवलेल्या बाई मेकअप रूममधल्या खुर्चीतून हलेनात.

"ताई, प्रेक्षक खोळंबलेत," व्यवस्थापक घामाघूम.

"मी बेचाळीस वर्षं खोळंबले. त्यांना दहा मिनिटांनी काय होतंय?"

"उद्या सकाळी पहिलं काम तेच करतो."

"तुमचा उद्या माझ्या लेकीच्या किडनीत जाऊन बसलाय, साहेब. किल्ली आणा!"

किल्ली आली. दार उघडलं. मोडक्या सिंहासनाला टेकून बाईंचंच पुठ्ठ्याचं कटआउट उभं, राणीच्या वेशात.

लेक पोट धरून हसली. "आई, तू आतच होतीस की गं! उगाच बाहेर ताटकळलीस."

बाईंनी राणीला दंडाला धरून बाहेर काढलं, नळ सोडला. नळ नुसताच खाकरला. कोरडा ठणठणीत.

बाई तशाच स्टेजवर गेल्या. मानचिन्हाला हात लावला नाही. "नळाला पाणी आलं की न्यायला येईन," एवढंच माइकवर बोलल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या लेकीकडे बघून दरडावल्या, "बाटली काढ. पी." भरल्या नाट्यगृहासमोर लेक घटाघटा पाणी प्यायली.

मानचिन्ह अजून व्यवस्थापकाच्या कपाटात आहे. तेव्हा पुढच्या नाटकाच्या मध्यंतरात एवढं कराच. त्याला गाठा आणि विचारा, बायकांच्या मेकअप रूममधल्या नळाला पाणी आलं का? "आलं" म्हणाला तर तिथून हलू नका. नळ सोडून दाखव म्हणा.