डिझेलच्या टाकीतलं तुळशीचं पान

"कुणी हात लावला हिकडं? बोला की!" मिस्त्री असा ओरडला की पार पाटणच्या कोंबड्या गप्प झाल्या असतील.

खंडेनवमीचा दिवस. आमच्या वारलेल्या वडिलांचा, आबांचा, जुनाट ट्रॅक्टर सकाळी पूजा झाल्यापासून सुरूच होईना. माझ्या धाकट्या भावाला तेवढंच हवं होतं. त्यानं भंगारवाल्याला बोलावून दारात बसवलंही. आई आरतीचं ताट घेऊन तशीच उभी.

हा मिस्त्री आधी मालकाला झोडपतो, मग इंजिनला हात लावतो. डिझेल जिभेवर घेऊन चाखतो आणि थुंकतो तेसुद्धा मालकाच्या चपलेशेजारी. आज त्यानं टाकीची जाळी उपसली, तर त्यात तुळशीचं पान! आईनं घरातलं थोरलं माणूस समजून ट्रॅक्टरलाही तीर्थ पाजलं होतं, तेही तांब्याभर.

पान मी पाहिलं, त्यानं पाहिलं. त्यानं ते गुपचूप खिशात घातलं आणि तोफ माझ्यावर डागली. "आवं, पाण्याचं डिझेल आणताय? डोळं हायती का बटणं?"

अख्खी आळी हसली. भंगारवाला तर मांडी थोपटून हसला.

मिस्त्रीनं टाकी रिकामी केली, नवं डिझेल भरलं, पाइपातली हवा काढली. ट्रॅक्टर धडधडला. भंगारवाला हात हलवत गेला. आईनं आरती ओवाळली.

मी मात्र पेटलो होतो. त्याला फाटकाशी गाठलं. "पाणी आईनं ओतलं, मग शिव्या मला का रं?"

"म्हातारी रडली असती," तो म्हणाला. "तुमी नुसतं वरडताय."