आबा, मी आणि तुंबलेला संडास

माझ्या सासऱ्यांवर मी आयुष्यात एकदाच संशय घेतला, आणि तोही संडासाच्या बाबतीत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जळगावला शहराच्या टोकाला, जिथं नगरपालिकेचे दिवे संपून बाभळी सुरू व्हायच्या, तिथं मी तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. त्यामुळे घर बांधताना मिस्त्रीनं काय करावं, हे मला मिस्त्रीपेक्षा जास्त कळत होतं. (असं मला वाटत होतं. मिस्त्रीला तसं वाटत नव्हतं, पण तो सभ्य माणूस होता.) घरात मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल, तर संडासाचा. पांढरं भांडं, पांढऱ्या फरश्या, बाजूला सेप्टिक टँक. पाहुण्यांना आधी मी तो दाखवायचो, मग चहा विचारायचो.

सहा महिने झाले आणि साक्रीकडच्या खेड्यातून माझे सासरे आले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पंचाहत्तरीचे, ताठ, आयुष्य शेतात गेलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला करून घ्यायचं ठरलं होतं. ते नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, "पंधरा दिवस मान खाली घालायची नाही, धुळीत जायचं नाही, एसटीचे धक्के तर अजिबात नाहीत!"

धुळीत जायचं नाही म्हणजे बाभळीकडेही जायचं नाही. आबांचा चेहरा पडला.

"ज्या घरमा देव, ज्या घरमा भाकर, त्याच घरमा हाई? माले नही पटस, बापू."

मग मी त्यांना अर्धा तास समजावलं. जंतू, माश्या, सेप्टिक टँकचे दोन कप्पे, सगळं. खडूनं फरशीवर आकृतीसुद्धा काढली. (त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्यानं फारसं दिसत नव्हतं, हे आकृती पूर्ण झाल्यावर लक्षात आलं.) आबा अखेर म्हणाले, "बरं. मास्तर सांगस ते ऐकानं पडी." आणि लोटा घेऊन निमूट आत गेले. मी आणि माझी बायको मंगला बाहेर असे उभे होतो, जणू मुलगा पहिल्यांदा परीक्षेला बसलाय!

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी आत पाणी ओतलं, तर ते खाली जाण्याऐवजी वर आलं. हळूहळू, शांतपणे, काठापर्यंत आलं आणि तिथं थांबून माझ्याकडे बघत राहिलं.

"अहो, काय झालं?" मंगलानं विचारलं.

"काही नाही. दाब कमी पडतोय." मी म्हणालो आणि अजून एक बादली ओतली.

त्यानंतर मी दार लावून घेतलं, पाय धुतले आणि शेजारच्या नानांना हाक मारली. नाना भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी दारातूनच नाकाला उपरणं लावून पाहणी केली आणि निदान केलं, "सर, वाफेचं इंजिन काय आणि हे काय, प्रेशर पाहिजे!" मग आम्ही बांबूच्या टोकाला गोणपाटाचा गोळा बांधला. नाना त्याला पिस्टन म्हणत होते. एक विज्ञान शिक्षक आणि एक रेल्वे फिटर, दोघांनी मिळून "एक, दोन, तीन!" म्हणत तो दाबला.

आतून मोठा आवाज आला. पाणी झर्रकन खाली गेलं!

"पाहिलंत?" नाना म्हणाले.

तेवढ्यात न्हाणीघरातून मंगलाची किंकाळी ऐकू आली. न्हाणीघराचा पाईप पुढे संडासाच्याच पाईपाला जोडलेला होता. मोरीत माझी एकुलती एक टेरिकॉटची पँट भिजत घातलेली होती. पुढचं सांगत नाही. ती पँट मी नंतर कुणाला दिलीसुद्धा नाही.

नाना "जरा घरी बघून येतो" म्हणून गेले. मी सायकल काढून नशिराबादला गेलो. आमचं घर बांधणारा सुकलाल मिस्त्री तिथला. तो लग्नाला गेला होता, "उद्या सकाळी पाठवतो," असं त्याच्या भावानं सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आवाज खाली आणून मंगलाला म्हणालो, "हे बघ, रागावू नकोस. सहा महिने काही झालं नाही. आबा आत जायला लागले आणि चौथ्या दिवशी तुंबला. खेड्यात पाण्याऐवजी दगड वापरायची सवय असते काहींना. ते आत टाकले असतील."

मंगलानं पोळी तव्यावर जरा जोरात आपटली. बोलले ते ओसरीवर खाटेवर बसलेले आबा.

"डोयाले पट्टी बांधेल शे, बापू. कानले नही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आबा शांतपणे उठले, चाचपडत खुंटीवरचं धोतर काढलं आणि पिशवीत भरायला लागले. "मी काहीच टाकं नही. पन मन्हामुये तुम्हले तरास नको. सकायनी गाडीवर जास मी."

सकाळची गाडी म्हणजे धुळ्यापर्यंत एसटी, तिथून साक्री, आणि पुढं खड्ड्यांचा रस्ता! डोळ्याचे टाके अजून निघायचे होते. मंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा गेले तर मी पण त्यांच्यासोबत जाते," ती म्हणाली. "तुम्ही राहा तुमच्या संडासासोबत!"

शेवटी मी हात जोडून एवढंच मागितलं, की मिस्त्री येईपर्यंत तरी थांबा. आबांनी पिशवी उशाशी ठेवली, पण उघडली नाही.

पहाटे प्रश्न उभा राहिला. नानांनी मोठ्या मनानं आबांना आणि मंगलाला त्यांचा संडास वापरायला दिला. मला कुणी विचारलं नाही, आणि कालच्या पिस्टननंतर मला विचारायची हिंमत नव्हती. मी लोटा उचलला. मी जन्मापासून शहरातला. दारात आबांनी थांबवलं. पट्टीखालचा चेहरा गंभीर होता.

"वारा कथाईन ई राह्यना ते देखी लेवानं. काटा देखी लेवाना. आनि कोनी ऊनं ते खोकलानं."

मी वारा पाहिला. काटे पाहिले. खोकणं मात्र राहिलं! कारण बाभळीच्या वळणावर अचानक पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले आणि त्या बुटांत आमचे हेडमास्तर. ते रोज सकाळी फिरायला जातात हे ऐकून होतो, कुठून जातात ते माहीत नव्हतं. आता वरिष्ठांना पाहून उठून उभं राहायची माझी पंधरा वर्षांची सवय. मी निम्मा उठलोसुद्धा! हेडमास्तरांनी आकाशाकडे पाहत हात वर केला.

"असू द्या, पाटील. बसा, बसा."

आणि जाता जाता म्हणाले, "सहामाहीचे पेपर सोमवारपर्यंत द्या."

घरी आलो तर सुकलाल मिस्त्री आलेला. त्यानं चेंबरचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, लांब सळई घातली, परत काढली आणि माझ्याकडे पाहिलं. आबा खाटेवर ताठ बसून होते. पिशवी शेजारी.

"दगड सापडले?" मी विचारलं.

"कसले दगड? मास्तर, टाकी मागच्या खोलगट कोपऱ्यात घ्या म्हणत होतो की नाही? तुम्ही म्हणाले, तिथं परसबाग करायची. पाईपाला उतार मिळत नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणाले दाबानं जाईल. चढावर पाईप टाकला मी, तुमच्या हुकमानं. सहा महिन्यांचं सगळं आत साठलंय."

"पण पाणी तर जात होतं!"

"पाणी जाईल हो. पाण्यासोबत जे जातं, ते थोडंच शाळा शिकलेलं असतं?"

नाना कुंपणापलीकडून मोठ्यानं हसले. मंगला हसली नाही. ती आबांकडे बघत होती. मी खाटेजवळ गेलो आणि आबांच्या पायाला हात लावला. वर्गात दोन दोन तास बोलणारा मी, दोनच शब्द बोललो.

"चुकलो, आबा."

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हई जास, बापू." मग मंगलाला म्हणाले, "पिशवी आत ठेव. आनि नवी चारी खंदतीन तठे माले बसाड."

पुढचे तीन दिवस नवी चारी खणली गेली, मागच्या कोपऱ्यात घेतलेल्या नव्या टाकीपर्यंत. परसबागेतली माझी वांगी गेली. आबा खुर्ची टाकून चारीशेजारी बसले. दर चार हातांवर ते मिस्त्रीला लोटाभर पाणी ओतायला लावत आणि कान देऊन ऐकत. "आठे थांबी राह्यनं. अजून बोटभर खाल ल्या." आयुष्यभर पाटाचं पाणी वावरात फिरवलेला माणूस! मी विचारलं, "आबा, दिसत तर नाही तुम्हाला?"

"पानीले देखाले डोया कसाले? आवाजच सांगी देस."

मी मिस्त्रीला घमेली उचलून देत होतो. तेवढंच काम मला दिलं होतं.

आबांची पट्टी निघाली, डोळा उत्तम झाला आणि ते साक्रीकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांचं पोस्टकार्ड आलं. गल्लीतला पहिला संडास ते आपल्या घरी बांधत होते. पत्र गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, अक्षर वळणदार:

"पाईप टाकण्याचे काम गुरुवारी संपेल. जवाईबापूंनी मंगलास घेऊन शुक्रवारी यावे. त्याआधी येण्याची तसदी घेऊ नये."

मी शनिवारी गेलो. म्हटलं, एखादा पाईप राहून गेला असेल, तर कशाला जोखीम घ्या!