भूल उतरेपर्यंत

आमच्याकडे भुलणे म्हणजे विसरणे. बाजारातून मीठ आणायला भुलली, असे बाया सहज बोलतात. त्यामुळे भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला आता थोडी भूल देणार," तेव्हा माझी माय खाटेवर उठूनच बसली.

"काहून? मले कायले भुलवता? मले सारं ध्यानात ठेवाचं आहे."

"अहो, विसरायची भूल नाही. नुसती झोप येते."

"मंग झोप म्हणा ना, बाई! जीव घेतला असता तुमी माहा, दुर्बीण घालाच्या आंधीच."

नर्सबाई हसल्या, मीही हसले. धानाचा रोवणा आटोपल्यापासून मायला घास उतरत नव्हता. आता पेजही छातीत अडकायची. नागपूरहून येणारे डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून पाहणार होते आणि जमले तर अन्ननलिकेत नळी बसवून वाट मोकळी करणार होते.

आत नेण्याआधी मायने माझे मनगट धरले. तिच्या बहिणीला, माझ्या मावशीला, शेवटपर्यंत "गॅस आहे" म्हणून सांगितले होते. आमच्या साऱ्या आंधळगावाला खरे माहीत होते, एका मावशीलाच नव्हते.

"माह्यासंग तसं करू नोको. काय निंगते ते मले सांगजो. तुले शिकवलं ते कायसाठी?"

लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणे लावून तिने मला बी.ए. केले होते. आमच्या घरातली ती पहिली पदवी. मी हो म्हणाले.

डॉक्टर बाहेर आले. नळी बसली होती, पण कॅन्सर होता आणि तो फार पसरला होता. तुकडा तपासायला पाठवू, पण मला शंका नाही, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले.

मायला बाहेर आणले तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तिने मला ओळखले, पदर सारखा केला आणि विचारले, "काय निंगलं?"

मी सांगितले. सांगता सांगता मलाच रडू फुटले. ती माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिली. जीभ थोडी जड होती, पण शब्द नीट होते. "रडू नोको. पेज उतरली तं बस झालं मले. मावशीले कोणी सांगतलं नाही. मले माह्या पोरीनं सांगतलं." मग ती झोपली. एवढे मोठे दुःख तिने इतक्या सहज घेतले, म्हणून मला तिचा अभिमान वाटला. खूप हलकेही वाटले.

चहाच्या वेळेला ती जागी झाली. उशाशी टेकून बसली, घसा चाचपला आणि म्हणाली, "हं. सांग आता. काय निंगलं?"

मला वाटले, थट्टा करते. तिचा चेहरा पाहिला आणि धावत नर्सबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "त्या इंजेक्शनाने तसं होतं, ताई. बोलतात, चालतात, नंतर काही आठवत नाही. त्रास ध्यानात राहू नये म्हणूनच ते देतात."

म्हणजे मायने भूल या शब्दाचा जो अर्थ घेतला होता, तोच बरोबर होता.

मी परत खाटेशी आले. "गॅस आहे" हे दोन शब्द अगदी ओठांवर होते. तिला काहीच आठवत नव्हते, मला कोणी पकडले नसते. पण ती माझ्याकडेच पाहत होती. मी पुन्हा सांगितले.

या वेळी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. खाटेची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली. तोंड उघडे राहिले. मग म्हणाली, "मरन का मी?"

मघाचे तिचेच बोलणे मी तिला सांगू लागले. पेज उतरली तर बस झाले, असे तू म्हणालीस. मला माझ्या पोरीने सांगितले, असे म्हणालीस. दुसऱ्या एखाद्या बाईचे बोलणे ऐकावे तशी ती ऐकत होती.

"असं बोलली मी?"

"हो, माय."

"रडली नाही?"

"नाही."

तिने मान हलवली.

"ते औषध बोललं असन, बाई. मले तं लय भेव लागून राहिलं."