पिंपावरचं लेबल

चाळीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्या दारात येतो. विम्याच्या बारीक अक्षरांपासून औषधाच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदापर्यंत सगळं मी वाचून देतो. सभेत हार घालून घेणाऱ्यांची मी चेष्टा करतो, पण हा मान मला आवडायचा.

चिंचपोकळीला आमच्या चाळीमागे एक गाळा आहे. फरशी पुसायचं औषध बनवतो, असं सांगून काही लोकांनी तो भाड्याने घेतला. वास यायचा, डोळे चुरचुरायचे, गटारातलं पाणी कधीकधी पिवळं दिसायचं. कमिटीने तक्रार करायचं ठरवलं, त्याच आठवड्यात गाळेवाल्यांनी रिकामी निळी पिंपं फुकट वाटली. आमच्याकडे पाणी दिवसातून तासभरच येतं, साठवायला पिंपं सगळ्यांनाच हवी होती. तक्रारीचा अर्ज कमिटीच्या कपाटातच राहिला.

शेजारच्या काकू घरोघरी पोळ्या करायला जातात. मिळालेलं पिंप त्यांनी माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवलं.

"वाच रे, काय लिहिलंय? पाणी भरू का ह्यात?"

लेबलावर लांबलचक रसायनाचं नाव होतं आणि कोपऱ्यात अर्धवट खरवडलेली लाल खूण. मला काही कळलं नाही. मागे दोन शेजारी उभे होते.

"साबणाचं असतं ते," मी म्हणालो. "दोनदा धुवा. प्यायला नको, वापरायला चालेल."

'प्यायला नको' हे जाणकारासारखं वाटावं म्हणून जोडलं. वर गरम पाणी ओतून लेबल मीच सोलून दिलं.

पुढे धाड पडली. आत अमली पदार्थ बनत होते. पोलीस तोंडावर मोठाले मुखवटे चढवून आले. त्याच हवेत आम्ही वर्षभर कपडे वाळत घातले होते. चाळीतल्या प्रत्येकाला, मला धरून, आधीपासूनच संशय असल्याचं त्या दिवशी निष्पन्न झालं.

काकू त्या पिंपातलं पाणी रोज वापरायच्या, आणि त्यांचे हात धाडीच्या आधीच सोलवटायला लागले होते. पिठाने होतं, असं त्या म्हणायच्या. मग बोटांना भेगा पडल्या, एकेक घर सुटलं. धाडीनंतर इस्पितळात त्यांनी पिंपाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यात काय होतं ते कळलं तर औषध ठरवायला बरं पडेल.

त्या कोरा कागद घेऊन आल्या. हातांना पट्ट्या होत्या, म्हणून कागद बगलेत धरला होता.

"तू वाचलं होतंस ना? तेवढं नाव लिहून दे."

मी पेन उघडलं. 'आठवत नाही' हे उत्तर तयार होतं, आणि कुणी त्यात चूकही काढली नसती.

"काकू, मला तेव्हा ते समजलंच नव्हतं."

त्यांनी कोरा कागद परत बगलेत धरला.

"मग तसं म्हणायचं ना रे," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं."